बॉनेटखाली : नाकापेक्षा मोती जड

या वेळच्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच विषय आहे: जुनी छोटी गाडी आणि तिच्यात दुसरं इंजिन. गेल्या अंकात मी माझ्या मिनीबद्दल एक ओळ लिहिली होती, बहुधा त्याचा हा परिणाम. त्या एका ओळीतही मी एक चूक करून ठेवली होती. एका वाचकाने ती पकडली आहे. कबुली शेवटी.

मास्तर, नमस्कार. माझ्याकडे १९६७ ची मिनी आहे. ८४८ सीसी, दहा इंची चाकं, चारही चाकांना ड्रम ब्रेक. चढ आला की दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत चढते. एकाने ऑस्टिन मेट्रो गाडीतलं १२७५ सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट देऊ केलंय. मित्र म्हणतो, एवढा खटाटोप करायचाच तर होंडाचं व्हीटेक इंजिन बसव. वडील म्हणतात, नाकापेक्षा मोती जड होईल. कोणाचं ऐकू?

वडिलांकडे नंतर येतो. आधी हे सांगा, तुमचं ८४८ आजारी आहे की नुसतंच लहान आहे? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि पुष्कळ लोक पहिलीवर दुसरीचं औषध घेतात. हे इंजिन नवं असताना ३४ हॉर्सपॉवर देत होतं. त्यातले आज किती उरलेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे मोजलेलं नसणार.

कम्प्रेशन गेज मिळवा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इग्निशनची वायर सोडवा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर मारा आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहा. आकडा किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे बघायचं. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा नाहीतर बोअर झिजलाय. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

चौघंही धडधाकट निघाले तर डिस्ट्रिब्युटर उघडा. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मोठं इंजिन आणूनच ठेवलं होतं आणि जुनं उतरवायला मला बोलावलं. मी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली आणि रोटर हाताने थोडा फिरवून सोडला. तो स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. आलाच नाही. आतली ॲडव्हान्सची वजनं गंजून बसली होती, म्हणजे इंजिन कितीही फिरलं तरी ठिणगी उशिराच पडत होती. त्यात भर म्हणजे एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्याच्या पिस्टनची चाल आवरणाऱ्या नळीत, तेलाचा थेंब नव्हता, त्यामुळे पाय दाबला की गाडी आधी अडखळायची आणि मग विचार करायची. दोन्ही कामं एका सकाळी झाली. आणलेलं इंजिन त्यांच्याकडे अजून ताडपत्रीखाली पडून आहे, आणि मला पुन्हा बोलावणं आलेलं नाही. मी त्यांची हौस मोडली, असं त्यांना वाटत असावं.

आता धरून चालू की तुमचं इंजिन तंदुरुस्त आहे आणि तुम्हाला खरोखरच जास्त जोर हवाय. मग मेट्रोचं १२७५ ही शहाणी निवड आहे. मी स्वतः तीच केली.

हे इंजिन परकं नाही, भाऊबंदांतलंच आहे. मिनी बनवणाऱ्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) ए-सिरीज इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये ८०३ सीसीचं म्हणून आलं. पुढे ८४८, ९४८, ९९८, १०९८, १२७५ अशी भावंडं झाली. बाहेरून ती एकमेकांसारखी दिसतात, वजनातही फार फरक नाही. वडिलांची म्हण वजनापुरती तरी इथे लागू नाही. मात्र मिनीत हे इंजिन आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली असतो आणि दोघं एकच तेल पितात. म्हणून एमजी मिजेटमधलं १२७५ स्वस्तात मिळतंय म्हणून कोणी गळ्यात मारायला आलं तर हात जोडा. मिजेटचं इंजिन उभं बसणारं. त्याच्या क्रँकची शेपटी वेगळी, फ्लायव्हील वेगळं, मागची प्लेट वेगळी. मेट्रोचं इंजिन मात्र खालच्या बॉक्ससकट एकाच गोळ्यात येतं, आणि तो गोळा मिनीच्या सबफ्रेमवर, म्हणजे इंजिन धरणाऱ्या पुढच्या चौकटीवर, आपल्या जागी बसतो.

बसतो, पण मग एकेक गोष्ट हात वर करून उभी राहते.

पहिली गिअरची दांडी. तुमच्या १९६७ च्या गाडीत ती लांब, वाकडी दांडी पावलांजवळून वर येते. मेट्रोच्या बॉक्समधून मागे दोन सळया जातात, एक गिअर बदलणारी आणि एक नुसती धरून ठेवणारी, आणि दांडी बरीच मागे उगवते. म्हणजे जमिनीच्या पत्र्याला नवं भोक आणि जुन्यावर झाकण. मी भोक पाडण्याआधी आठवडाभर सीटवर बसून हाताने हवेत गिअर बदलत होतो. घरच्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत.

दुसरी एक्सलची आतली टोकं. जुन्या मिनीत तिथे रबराचा क्रॉस असतो, मेट्रोत बंद वाटीचा जॉइंट. दोन्हींपैकी एक सगळीकडे करावं लागतं. रबरी क्रॉस मोठ्या इंजिनाच्या जोराने लवकर फाटतो, आणि फाटका क्रॉस फिरता फिरता गिअरबॉक्सच्या कवचावर आपटू लागतो. वाटीचे जॉइंट घ्या.

तिसरी रेडिएटर. मेट्रोचा समोर आहे. मिनीचा बाजूला, डावीकडच्या चाकाच्या कमानीला चिकटून, आणि पंखा गरम हवा त्या कमानीत ढकलतो. ८४८ ला हे पुरतं. १२७५ जास्त पेट्रोल जाळतं, म्हणजे जास्त उष्णताही टाकतं, आणि वाट तीच अरुंद. जुना रेडिएटर नुसता धुऊन परत लावू नका. जास्त ओळींचा नवा गाभा भरून घ्या, आणि भोवतालचं पत्र्याचं आच्छादन शाबूत ठेवा. आच्छादनाला फट असली की पंखा रेडिएटरमधून हवा ढकलण्याऐवजी सोप्या वाटेने, म्हणजे फटीतून ढकलतो. तापणाऱ्या जितक्या मिनी मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच थर्मोस्टॅटपायी नव्हे, या फटीपायी तापत होत्या.

चौथी, आणि इथे मी तोंडघशी पडलो, ती विजेची. तुमच्या सालच्या मिनीत डायनॅमो आहे आणि बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे. मेट्रोच्या इंजिनावर अल्टरनेटर असतो आणि त्याला निगेटिव्ह बॉडीला हवं. मला हे माहीत होतं. दुसऱ्यांना मी ते शंभर वेळा सांगितलंय. पण रात्री उशिरा, इंजिन आजच फिरवून बघायचं या घाईत, बॅटरी हाताच्या सवयीने जुन्यासारखी लावली. बारीकसा फट् असा आवाज, जळक्या वासाची एक झुळूक, आणि अल्टरनेटरचे डायोड गेले. तेव्हा बॅटरी उलटी करताना कॉइलच्या वायरींची अदलाबदल, रेडिओ असला तर तो, आणि तुमच्या सालचं जे जे काही ध्रुव बघून चालतं ते सगळं आधी कागदावर उतरवा. काम सकाळी करा.

पाचवी वरची स्टेडी. मिनीचं इंजिन आडवं असल्याने क्लच सोडताच पुढे-मागे झुलतं. हेडपासून मागच्या पत्र्यापर्यंत जाणारी एक आखूड सळई त्याला आवरते, तिच्या दोन्ही टोकांना रबरी बुश. मोठ्या इंजिनाने हे बुश चुरले की क्लच सोडताना गाडी थरथरते आणि सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डच्या तोंडाशी तडकतो. लोक क्लचप्लेट बदलतात, पाइप पुन्हा पुन्हा वेल्ड करतात, आणि मूळ दोष त्या दोन बुशांत असतो. इंजिन बसवायच्या दिवशीच नवे घाला.

आता ब्रेक. आधीच्या पाचांत चुकलात तर गाडी उभी राहील. इथे चुकलात तर ती उभी राहणार नाही. खुद्द कारखान्याने काय केलं ते बघा. १९६१ साली मिनी कूपर काढली तेव्हा इंजिन ९९७ सीसीचं, ५५ हॉर्सपॉवरचं केलं, आणि त्याच गाडीत पुढच्या चाकांना ७ इंची डिस्क दिली. १९६३ मध्ये कूपर एस आली, १०७१ सीसी, आणि डिस्क लगेच साडेसात इंची झाली, वर पायाचा जोर वाढवणारा सर्वोही आला. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली त्यांनाही वाढलेल्या इंजिनाबरोबर जुने ड्रम चालले नाहीत. तुमचं मेट्रोचं १२७५ साठेक हॉर्सपॉवरचं आहे, म्हणजे पहिल्या कूपरच्याही थोडं पुढे. ताशी ८० ऐवजी ११० ने जाणारी तीच गाडी थांबवायला ब्रेकला जवळपास दुप्पट काम पडतं, कारण हिशेब वेगाच्या वर्गाचा असतो. ड्रम एकदा तापला की पायाखालचं पेडल तेवढंच घट्ट राहतं आणि गाडी मात्र थांबत नाही. तो अनुभव मला आलाय, लांबलचक उतारावर, पुढे एक ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाला वळला म्हणून आज हे सदर आहे.

दहा इंची चाक ठेवायचं असेल तर कूपर एसच्या मापाच्या साडेसात इंची डिस्क घ्या. १९८४ नंतरच्या मिनीतल्या ८.४ इंची डिस्क जास्त चांगल्या आहेत, पण त्या दहा इंची चाकात मावत नाहीत, त्यांना बारा इंची चाक लागतं. चाक बदललं की गाडीचा चेहरा बदलतो. मला दहा इंची चाकंच आवडतात, म्हणून मी साडेसातवर थांबलो. आणि क्रम उलटा ठेवा: ब्रेक आधी, इंजिन नंतर. आठवडाभर ३४ हॉर्सपॉवर आणि डिस्क ब्रेक घेऊन फिरलात तर काही बिघडत नाही. उलटं फिरू नका.

होंडाबद्दल थोडक्यात. ते इंजिन उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण त्याचा गिअरबॉक्स खाली नसून शेजारी आहे, त्यामुळे त्याला मिनीच्या मूळ सबफ्रेमवर जागाच नाही. पुढची सबफ्रेम नवी बनवायची, पत्रा कापायचा, एक्सल, गिअरची केबल, संगणक, वायरिंग, सगळं नव्याने. असं करणारे चांगले कारागीर जगात आहेत आणि तयार सबफ्रेमही मिळतात. पण त्यानंतर तुमच्याकडे मिनीच्या कवचातली दुसरीच गाडी असेल, आणि परत फिरायचं म्हटलं तर कापलेला पत्रा परत येत नाही. माझा स्वतःपुरता नियम असा की जे बोल्टने लावलं ते चालेल, जे कापावं लागेल त्यापाशी थांबायचं. गिअरच्या दांडीचं एक भोक मी पाडलं, ते अजून टोचतं.

तुमचं ८४८ विकू नका. चारही बोअरमध्ये थोडं ऑइल सोडून प्लग परत लावा, सगळी तोंडं कापडाने बंद करा, आणि अधूनमधून क्रँक पान्याने अर्धा फेरा फिरवत राहा, म्हणजे रिंगा चिकटणार नाहीत. इंजिनाचा नंबर गाडीच्या कागदांवर असतो. नोंदणी कार्यालयाला आणि विमा कंपनीला इंजिन उतरवायच्या आधी लेखी विचारा. अपघातानंतर विमावाल्याने पहिल्यांदा बॉनेट उघडावं, हे बरं नाही.

किती वेळ लागेल, हे तुम्ही विचारलं नाहीत. माझं इंजिन उतरवून दुसरं बसवायला शनिवार-रविवार पुरले. गाडी रस्त्यावर यायला चौदा महिने लागले.

वडिलांचं निम्मं ऐका. मोती जड नाही, नाक मजबूत करून घ्या.

मास्तर, माझी फियाट ५०० आहे, ४९९ सीसीची. फियाट १२६ चं ६५२ सीसी इंजिन अगदी बोल्टाला बोल्ट बसतं असं ऐकलं. खरं का? गिअरबॉक्सही त्याचाच घ्यावा का?

बऱ्याच अंशी खरं. फियाटने स्वतःच १९७२ मध्ये ५०० आर काढली आणि तिच्यात १२६ चं ५९४ सीसीचं इंजिन घातलं. म्हणजे ही सोयरीक कारखान्यानेच जुळवून ठेवली आहे. दोन सिलिंडर, हवेवर थंड होणारं, मागे बसणारं. ऑइलचा सम्प, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची वाटी, आणि मागचा आधार जुळवून घ्यावा लागतो, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला तर वायरिंग बदलतं. फक्त १९८७ नंतरच्या १२६ बिसचं इंजिन घेऊ नका. ते ७०४ सीसीचं, आडवं झोपलेलं आणि पाण्यावर थंड होणारं आहे. तुमच्या गाडीत रेडिएटर कुठे ठेवणार?

गिअरबॉक्सचं उत्तर तुमच्या पायावर आहे. ५०० च्या बॉक्समध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी योजना, नाही. खालचा गिअर टाकताना क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, हलकी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. ज्यांना हे जमतं त्यांना त्यात फार गोडी वाटते, आणि ते प्रत्येकाला सांगत सुटतात. १२६ च्या बॉक्सला वरच्या तीन गिअरना सिंक्रो आहे आणि शेवटचं गुणोत्तरही (चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सच्या बाहेरच्या आसाचे किती फेरे, ते) थोडं लांब आहे, ५.१२५ च्या जागी ४.८७५, त्यामुळे मोठ्या इंजिनाला तो शोभतो. रोज दुसरंही कोणी गाडी चालवत असेल तर १२६ चा घ्या.

मी जास्त बोलेन ते पत्र्यांबद्दल. या इंजिनाभोवतीचे वाकडेतिकडे पत्रे दिसायला कचरा वाटतात, आणि इंजिन बदलताना दोन-तीन हमखास बाहेर राहतात. ते कचरा नाहीत. पंख्याची हवा सिलिंडरच्या पात्यांवरूनच जावी यासाठी ते आहेत. तसंच इंजिनाच्या खोलीच्या कडेने रबराची पट्टी असते. ती गेली की खालची गरम हवा वर येऊन पंख्यात पुन्हा शिरते, आणि इंजिन स्वतःचाच उच्छ्वास परत घेत बसतं. ६५२ ला हे ४९९ पेक्षा जास्त महागात पडतं. ५०० चं मागचं झाकण किंचित उघडं ठेवून फिरणारे लोक तुम्ही पाहिले असतील. शर्यतीसाठी फियाट तयार करणाऱ्या आबार्थच्या गाड्यांत ती पद्धत होती, कारण तिथे इंजिन खरोखर तापत होतं. तुमचं झाकण उघडं ठेवावंसं वाटलं तर आधी रबरी पट्टी तपासा.

आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. या गाडीचा हीटर म्हणजे इंजिनावरून आलेली तीच हवा. हेड गॅस्केट किंवा मॅनिफोल्डचा जोड फुंकत असेल तर धूर सरळ तुमच्या पायाशी येतो. ऑइलचा जळका वास तरी येतो, कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. नवं इंजिन बसवल्यावर सगळे जोड घट्ट झाल्याची खात्री होईपर्यंत हीटरची वाट बंद ठेवा आणि काच खाली.

ब्रेक? चारही ड्रम आहेत आणि गाडी साधारण पाचशे किलोची. ६५२ ला चालतील, पण लायनर, सिलिंडर आणि होज नवे हवेत. त्याहून मोठी स्वप्नं असतील तर वरचं मिनीचं पत्र पुन्हा वाचा.

मोटारसायकलचं हजार सीसी इंजिन माझ्या छोट्या जुन्या गाडीत घातलं तर? हलकं आहे, शंभरावर हॉर्सपॉवर आहे, गिअरबॉक्स आतच आहे.

मागे कसे जाणार? मोटारसायकलला सहसा रिव्हर्स नसतो. काही लोक वेगळी रिव्हर्सची पेटी लावतात, काही विजेची मोटर. आधी त्याचं ठरवा, मग बाकीचं.

दुसरं म्हणजे तेल. मोटारसायकल वळणावर आडवी होते, त्यामुळे सम्पमधलं तेल चाकाच्या दिशेनेच दाबून राहतं. गाडी आडवी होत नाही. वळणावर तेल एका बाजूला धावतं, पंपाची सोंड उघडी पडते, आणि बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळते. एका लांब वळणात इंजिनाचं कल्याण होऊ शकतं. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या हव्यात, कधी सम्पच उथळ आणि रुंद करावा लागतो.

तिसरं, ते शंभर हॉर्सपॉवर मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास राहतात. दोनशे किलोच्या मोटारसायकलला खालच्या फेऱ्यांवरचा जोर पुरतो. सहाशे किलोच्या गाडीत चार माणसं बसवून चढावर सुटायचं म्हटलं की क्लच जळतो. शर्यतीच्या ट्रॅकवर अशी गाडी मजेची आहे. बाजारहाटाला नेऊ नका.

मी एकोणीस वर्षांची आहे. आजोबांची बीटल आमच्याकडे उभी आहे, इंजिन जाम आहे. तिच्यात विजेची मोटर बसवावी असं मला वाटतं. आमच्याकडचे सगळे हसतात. तुम्हीही हसणार का, मास्तर?

नाही. मी पेट्रोलच्या वासात वाढलेला माणूस आहे, पण तुझा बेत वाटतो तितका वेडा नाही. बीटलचं इंजिन चार बोल्टांवर लोंबतं. ते उतरवून त्या जागी मोटर आणि मधली एक जाड प्लेट बसवली की मूळ गिअरबॉक्स तसाच वापरता येतो. त्या प्लेटवर आणि मोटरला क्लचशी जोडणाऱ्या तुकड्यावर कंजुषी करू नकोस. मोटरचा आस आणि गिअरबॉक्सचा आस एकाच रेषेत नसतील तर बेअरिंग किंचाळत मरतात. लेथवरच्या चांगल्या माणसाकडून कर, डायल गेज लावून तपास.

बॅटरीचा ढोबळ हिशेब मांडून देतो. अशा लहान गाडीला किलोमीटरला साधारण दीडशे वॉट-तास धर. शंभर किलोमीटर हवे असतील तर पंधरा किलोवॉट-तास झाले. पॅक किलोला दीडशे वॉट-तासांचा असेल तर नुसत्या बॅटरीचं वजन शंभर किलो, वर पेट्या आणि पट्ट्या वेगळ्या. हे सगळं मागे रचलंस तर मुळातच मागे जड असलेली गाडी वळणावर शेपूट फिरवेल. पेट्रोलची टाकी पुढे होती ना? ती गेली, तिथे निम्म्या बॅटऱ्या ठेव.

मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण पीळ (टॉर्क) देते, ते जुन्या गिअरबॉक्सला मानवत नाही. कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा जोर कमी करून ठेव. आणि शंभर व्होल्टच्या वर डीसी विजेशी खेळताना एकटी काम करू नकोस. वेगळं करणारा स्विच, फ्यूज, इन्शुलेटेड हातमोजे, आणि शेजारी जाणती व्यक्ती. यात मी उस्ताद नाही, म्हणून हे तुला ज्याला येतं त्याच्याकडूनच शीक.

त्याआधी एक काम कर. प्लग काढून त्या जाम इंजिनात डिझेल आणि ऑइल सारख्या प्रमाणात सोड, आठवडाभर राहू दे, मग पुलीच्या नटावर पाना लावून सावकाश, दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवून बघ. सुटलं तर मला कळव. नाही सुटलं तरी कळव.

मॉरिस मायनरमध्ये रोव्हरचं व्ही८ बसतं का?

बसतं. ३५२८ सीसीचं ते इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं असल्याने दिसतं तेवढं जड नाही. मुळात ते अमेरिकेत ब्यूइकसाठी १९६१ मध्ये आलं होतं. एमजीनेही १९७३ मध्ये एमजीबी जीटीत तेच घातलं. पण मायनरचा मागचा एक्सल, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंगची जागा, समोरचा क्रॉसमेंबर, यांपैकी काहीच मायनरचं उरणार नाही. मग मायनर कशाला, असा माझा प्रश्न. तुमचं उत्तर "मजा" असेल तर मी वाद घालत नाही. मायनरची मूळ ए-सिरीज काढून १२७५ घालणं मात्र मी कोणालाही आनंदाने सुचवेन, आणि पुढे डिस्क.

मास्तर, गेल्या अंकात तुम्ही लिहिलंत की मिनीचं शेवटचं गुणोत्तर ३.७६५ वरून ३.४४ वर आणल्याने गाडी "चढावर हलकी झाली". हे उलटं नाही का? आकडा लहान म्हणजे गिअर लांब. चढावर उलट जड व्हायला हवी.

बरोबर, उलटंच आहे. टूलरूममध्ये उमेदवार मुलांना फाइल धरायला शिकवायचो, तेव्हापासून हे "मास्तर" मला चिकटलंय. त्यांच्यापैकी कोणी असं लिहिलं असतं तर मी पुन्हा लिहायला लावलं असतं. चढावर हलकी झाली ती १२७५ मुळे, गुणोत्तरामुळे नव्हे. ३.४४ ने झालं ते एवढंच की दहा इंची चाकांवर चौथ्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांना गाडी २४ च्या जागी साडेसव्वीस किलोमीटरच्या वेगाने जाते. ताशी ९० ला इंजिन सुमारे ३,७०० फेऱ्या मारायचं, आता ३,४०० च्या खाली मारतं, आणि कान शांत झाले. ८४८ ला हेच ३.४४ दिलं असतं तर चढावर तिसऱ्यातच अडकून बसलो असतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मी गेल्या अंकात लिहिली नव्हती, कारण लाज वाटत होती. मिनीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून, म्हणजे शेवटच्या गुणोत्तराच्या अलीकडून चालतो. गुणोत्तर बदललं की तो खोटं बोलायला लागतो, आणि नेमकं धोक्याच्या बाजूने. माझ्या गाडीत काटा ८० दाखवतो तेव्हा ती ८७ ने धावत असते. मीटर उतरवून कॅलिब्रेट करून घ्यायचा, असं ठरवून ठेवलंय. तोपर्यंत बायकोने डॅशबोर्डवर कागदाची एक पट्टी चिकटवली आहे, डावीकडे काट्याचा आकडा, उजवीकडे खरा. पट्टी दोनदा उन्हाने पिवळी पडली आणि दोनदा नवी लागली.